विवेचक ऋण नाही, तरी रेंज चुकली: असं का होतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फ(क्ष) = (क्ष² − ३क्ष + २)/(क्ष² + क्ष − ६) या फलनाची रेंज, म्हणजे त्यातून मिळू शकणाऱ्या सगळ्या किंमतींचा संच, काढताना तुम्ही य = फ(क्ष) मांडलं, क्ष मधलं वर्गसमीकरण तयार केलं, त्याचा विवेचक, म्हणजे वास्तव मुळं आहेत की नाही हे ज्याच्या चिन्हावरून कळतं ती राशी, (५य − १)² आला. वर्ग कधी ऋण नसतो, म्हणून तुम्ही ‘सर्व वास्तव संख्या’ असं उत्तर लिहिलं. पुस्तकातल्या उत्तरात मात्र १ आणि १/५ या दोन संख्या वगळल्या आहेत. दुसरं, १/(१ + २ साइन क्ष) ची रेंज तुम्हाला [−१, १/३] आली, तीही चूक ठरली. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, की डोमेन जमतं तसं रेंज काढायची एकच खात्रीची रीत आहे का?

रीत एक नाही, पण प्रश्न मात्र दर वेळी एकच असतो, आणि तो पूर्ण वाक्यात स्वतःला विचारायची सवय नसल्यामुळेच बहुतेक चुका होतात. डोमेन, म्हणजे पुस्तकी मराठीत प्रांत, काढताना आपण विचारतो: हा क्ष आत टाकला तर सूत्र चालेल का? रेंज काढताना विचारायचं: हा य हवा असेल, तर तो देणारा एखादा क्ष डोमेनमध्ये आहे का? या वाक्यातला ‘डोमेनमध्ये’ हा शब्द सगळे गिळतात. य = फ(क्ष) हे समीकरण सोडवायला घेतलं, की हात आपोआप आडवा गुणाकार करतो, वर्ग करतो, सामाईक अवयव काटतो, आणि या प्रत्येक पायरीला डोमेन मागे सुटत जातं. शेवटी जो क्ष हाती येतो, तो मूळ फलनाला चालतो की नाही हे कोणी बघत नाही.

आधी डोमेनबद्दल थोडं, कारण ‘डोमेन जमतं’ हे वाक्य मी फार ऐकलंय आणि त्यावर माझा पूर्ण विश्वास नाही. छेद शून्य नको, वर्गमुळाच्या आत ऋण संख्या नको, लॉगच्या आत धन संख्याच हवी, साइनच्या व्यस्त फलनात −१ ते १ च्या बाहेरचं काही नको: हे चार नियम सगळ्यांना पाठ असतात. घनमुळाला असली अट नाही, हेही बहुतेकांना माहीत असतं. चूक नियमात होत नाही, सूत्राला हात लावण्याच्या घाईत होते. डोमेन नेहमी दिलेल्या सूत्रावरून काढायचं, सोपं करून घेतलेल्या सूत्रावरून नाही.

उदाहरण म्हणून √((क्ष − १)/(क्ष + २)) घ्या. अनेक विद्यार्थी हे √(क्ष − १)/√(क्ष + २) असं फोडतात, मग क्ष ≥ १ आणि क्ष > −२, म्हणून क्ष ≥ १ असं लिहून मोकळे होतात. पण अंश आणि छेद दोन्ही ऋण असले तर भागाकार धनच येतो. क्ष = −३ ठेवून बघा: (−४)/(−१) = ४, वर्गमूळ २, कुठेही अडत नाही. खरं डोमेन क्ष < −२ किंवा क्ष ≥ १ असं दोन तुकड्यांचं आहे. वर्गमूळ फोडताना डावा तुकडा अख्खा हरवला. आणि तो रेंजमध्येही हरवतो. (क्ष − १)/(क्ष + २) म्हणजे १ − ३/(क्ष + २). उजव्या तुकड्यावर ही किंमत ० पासून १ पर्यंत चढते, पण १ ला पोचत नाही. डाव्या तुकड्यावर ती १ पेक्षा मोठी प्रत्येक संख्या घेते. म्हणून रेंज [०, १) ∪ (१, ∞). डोमेन अर्धं धरलं असतं तर रेंज [०, १) वर अडकली असती, आणि चूक रेंजमध्ये झाली असं वाटलं असतं.

याच जातीची आणखी दोन उदाहरणं, पटकन. लॉग क्ष² हे शून्य सोडून सगळीकडे चालतं, २ लॉग क्ष फक्त धन क्ष साठी. म्हणजे दोन्ही सारखी दिसली तरी फलनं दोन आहेत. आणि फ(क्ष) = १/क्ष असेल तर फ(फ(क्ष)) सोपं केल्यावर नुसता क्ष उरतो, पण त्याच्या डोमेनमध्ये ० नाही, कारण आतल्या फलनालाच ० चालत नाही. संयुक्त फलनात आधी आतल्या फलनाची परवानगी लागते, मग बाहेरच्याची.

खरं तर ‘डोमेन काढा’ हा प्रश्नच जरा विचित्र आहे. गणितज्ञ ऑयलरनं १७४८ मध्ये फलन म्हणजे चल आणि स्थिर संख्यांपासून बनलेली राशी असं म्हटलं, तेव्हा सूत्र हेच फलन होतं. १८३७ मध्ये डिरिश्लेनं स्पष्ट केलं, की सगळ्या अंतरालावर य एकाच नियमानं मिळायला हवा असं काही नाही. आजच्या व्याख्येत डोमेन हा फलनाचाच भाग असतो. ते देणाऱ्यानं द्यायचं असतं, सोडवणाऱ्यानं शोधायचं नसतं. परीक्षेत ‘डोमेन काढा’ म्हणतात त्याचा अर्थ इतकाच, की हे सूत्र ज्या ज्या वास्तव संख्यांना चालतं त्यांचा सर्वांत मोठा संच सांगा. हे लक्षात ठेवायचं कारण व्यवहारातलं आहे: प्रश्नातच ‘क्ष > ० साठी’ असं लिहिलं असेल, तर तेच डोमेन, आणि रेंज तेवढ्यावरच काढायची. क्ष + १/क्ष ची रेंज धन क्ष साठी [२, ∞) आहे; शून्य सोडून सगळे क्ष घेतले तर (−∞, −२] ∪ [२, ∞). सूत्र तेच, उत्तरं दोन.

आता तुमचं पहिलं गणित. आडवा गुणाकार करून तुम्ही मांडलं: (य − १)क्ष² + (य + ३)क्ष − (६य + २) = ०. विवेचक (य + ३)² + ४(य − १)(६य + २), सोडवला की २५य² − १०य + १, म्हणजे (५य − १)². इथपर्यंत एकही चूक नाही. चूक पुढच्या वाक्यात आहे: ‘विवेचक ऋण नाही, म्हणून प्रत्येक य मिळतो.’ विवेचक एवढंच सांगतो की वर्गसमीकरणाला वास्तव मुळं आहेत. ती मुळं २ किंवा −३ तर नाहीत ना, हे तो सांगत नाही. आणि या दोन संख्या तर मूळ छेदाला शून्य करतात.

आता एकेका संशयिताला बोलवू. य = १ ठेवला की क्ष² चा सहगुणकच शून्य होतो. ते वर्गसमीकरणच राहिलं नाही, मग विवेचकाला त्यात बोलायचा अधिकार नाही. उरतं ४क्ष − ८ = ०, म्हणजे क्ष = २, आणि २ वर्ज्य. तेव्हा १ गेला. य = १/५ ठेवला की विवेचक शून्य, दोन्ही मुळं समान: क्ष = −(य + ३)/(२(य − १)) = (१६/५)/(८/५) = २. पुन्हा तोच २. तेव्हा १/५ ही गेला. बाकी कोणत्याही य साठी दोन वेगळी मुळं मिळतात. त्यांतलं एक दर वेळी २ च असतं (क्ष = २ समीकरणात ठेवून बघा, य काहीही असला तरी ते जुळतं), पण दुसरं २ ही नसतं आणि −३ ही नसतं, म्हणून तो य मिळतो. रेंज: १ आणि १/५ सोडून सर्व वास्तव संख्या.

अवयव पाडले असते तर हेच दोन ओळींत दिसलं असतं. अंश (क्ष − १)(क्ष − २), छेद (क्ष + ३)(क्ष − २). क्ष ≠ २ ही अट बाजूला लिहून ठेवायची आणि मग (क्ष − २) काटायचं. उरतं (क्ष − १)/(क्ष + ३). हे १ कधीच देत नाही, कारण −१ = ३ होऊ शकत नाही. आणि क्ष = २ वर ते १/५ दिलं असतं, पण तिथे जायला बंदी. परिमेय फलन, म्हणजे दोन बहुपदींचा भागाकार, दिसलं की विवेचकाकडे धावण्याआधी अवयव पडतात का ते बघा, असं मी प्रत्येक बॅचला सांगतो. ऐकतात थोडेच.

एक सावधगिरी मात्र इथेच सांगतो, कारण हा नियम कळला की मुलं दुसऱ्या टोकाला जातात: वगळलेला प्रत्येक क्ष रेंजमधून एक य घेऊन जातो, असं समजू लागतात. तसं नाही. क्ष²(क्ष − २)/(क्ष − २) हे फलन घ्या. क्ष = २ वर्ज्य आहे, तिथे किंमत ४ आली असती. पण ४ तर क्ष = −२ वरही मिळतो! त्यामुळे रेंज पूर्ण [०, ∞) राहते. तुमच्या गणितात १/५ गेला याचं कारण (क्ष − १)/(क्ष + ३) हे एकास-एक आहे, म्हणजे एक किंमत ते एकाच क्ष वर देतं. १/५ कडे जायचा एकच रस्ता होता आणि तो बंद होता. दुसरा रस्ता असेल तर य वाचतो.

विवेचकाची रीत वाईट नाही. क्ष/(क्ष² + १) ला ती छान बसते: यक्ष² − क्ष + य = ०, विवेचक १ − ४य² ≥ ०, म्हणून −१/२ ≤ य ≤ १/२; य = ० वेगळा तपासला, क्ष = ० चालतो, छेद कधी शून्य होत नाही, संपलं. रेंज [−१/२, १/२]. पण तशाच दिसणाऱ्या क्ष²/(क्ष² + १) ला लावा: (य − १)क्ष² + य = ०, विवेचक ४य(१ − य) ≥ ०, म्हणून ० ≤ य ≤ १. य = १ ठेवून बघितलं तर १ = ० असं निघतं! रेंज [०, १), उजवा कंस गोल. पेपर तपासताना या एका कंसावर गेलेले गुण मी मोजायचे सोडून दिलेत. क्ष² चा सहगुणक शून्य करणारा य नेहमी वेगळा काढून, मूळ समीकरणात ठेवून बघायचा. कधी तो राहतो, कधी जातो; अंदाजानं ठरवता येत नाही.

वर्गमुळांत फसवणूक निराळ्या तऱ्हेची. य = √(९ − क्ष²) चा वर्ग केला, क्ष² = ९ − य² आलं, म्हणून य² ≤ ९, म्हणून −३ ते ३, असं उत्तर हमखास येतं. √ हे चिन्ह कधी ऋण किंमत देत नाही, म्हणून वर्ग करण्याआधी य ≥ ० लिहायचं. उत्तर [०, ३]. आलेख म्हणजे वर्तुळाचा वरचा अर्धा भाग. वर्ग करताना आपण नकळत खालचा अर्धा भागही काढून दिला होता.

मुळाबाहेरही क्ष असेल तर मी वर्ग करतच नाही, मुळालाच नवं नाव देतो. य = क्ष − √(१ − २क्ष) बघा. ट = √(१ − २क्ष) धरा; मग क्ष = (१ − ट²)/२ आणि य = (१ − ट²)/२ − ट = १ − (ट + १)²/२. आता मोह होतो, की वर्गातला भाग कमीत कमी शून्य, म्हणून य ची सर्वांत मोठी किंमत १. पण त्यासाठी ट = −१ लागतो आणि ट हे वर्गमूळ आहे, ते ऋण होणार नाही. ट ≥ ० असताना (ट + १)² ची कमीत कमी किंमत १, म्हणून य ची सर्वांत मोठी किंमत १/२. रेंज (−∞, १/२]. नवं चल आणलं की त्याचं डोमेनही त्याच ओळीत लिहायचं, पुढच्या ओळीत नाही. पुढच्या ओळीपर्यंत ते विसरलेलं असतं.

दुसरं गणित, १/(१ + २ साइन क्ष). साइन −१ ते १, म्हणून छेद −१ ते ३. इथपर्यंत बरोबर. मग तुम्ही दोन्ही टोकांचे व्यस्त घेतले, −१ आणि १/३, आणि मधलं सगळं उत्तरात घातलं. ताळा करून बघा: तुमच्या उत्तरात ० आहे. १ ला कशानं भागलं तर ० येईल? कशानंच नाही. उत्तर तिथेच पडलं. छेदाचा पल्ला शून्याच्या दोन्ही बाजूंना पसरलेला आहे, म्हणून आधी त्याचे दोन तुकडे करायचे: [−१, ०) आणि (०, ३]. उजव्या तुकड्यात छेद शून्याकडे सरकतो तसा व्यस्त वाटेल तेवढा वाढतो, आणि छेद ३ ला पोचला की व्यस्त १/३ वर थांबतो: [१/३, ∞). डाव्या तुकड्यात छेद −१ असताना −१, आणि शून्याकडे जाताना −∞ कडे: (−∞, −१]. रेंज या दोहोंचा संयोग, म्हणजे तुमच्या उत्तराच्या जवळजवळ नेमकी बाहेरची बाजू. छेद २ − साइन क्ष असता, तर तो १ ते ३ मध्येच राहिला असता, शून्य मध्ये आलं नसतं, आणि टोकांचे व्यस्त घेऊन [१/३, १] हे उत्तर सरळ मिळालं असतं. तुम्ही तीच रीत लावलीत, फक्त मधलं शून्य बघितलं नाही.

टोकांवर भरवसा ठेवायची ही सवय बहुपदींतही नडते. क्ष³ − ३क्ष ची [०, ३] वरची रेंज विचारली, की दोन टोकांच्या किंमती ० आणि १८ काढून [०, १८] लिहिलं जातं. पण मध्ये क्ष = १ ला फलन −२ पर्यंत खाली उतरतं. विकलज, म्हणजे डेरिव्हेटिव्ह, ३क्ष² − ३. तो ० ते १ मध्ये ऋण, पुढे धन. रेंज [−२, १८]. −२ पासून १८ पर्यंतची एकही संख्या मध्ये सुटत नाही, हे आपण गृहीत धरतो त्याला आधार आहे तो मध्यवर्ती मूल्याच्या प्रमेयाचा. संतत, म्हणजे मध्ये कुठे उडी न घेणारं, फलन एका अखंड अंतरालावर दोन किंमती घेत असेल तर मधल्या सगळ्या घेतं. बोल्झानोनं १८१७ मध्ये याची सिद्धता दिली. यातला ‘अखंड’ हा शब्द विसरू नका. १/(१ + २ साइन क्ष) चं डोमेन छेद शून्य होतो तिथे तिथे तुटलेलं आहे, म्हणून तिथे −१ आणि १/३ च्या मधलं काहीही मिळत नाही. डोमेन जितक्या तुकड्यांत असेल, तितक्या वेळा रेंज वेगळी काढायची आणि शेवटी जोडायची.

गमतीसाठी एक: √([क्ष] − क्ष), यात [क्ष] म्हणजे क्ष पेक्षा मोठा नसलेला सर्वांत मोठा पूर्णांक. [क्ष] कधीच क्ष पेक्षा मोठा नसतो, म्हणून आतली राशी शून्य किंवा ऋण. शून्य फक्त पूर्णांकांवर. तेव्हा डोमेन म्हणजे पूर्णांकांचा संच, आणि रेंजमध्ये एकच संख्या, ०. आलेख म्हणजे आडव्या अक्षावर ओळीनं बसलेले ठिपके. अशी गणितं मुद्दाम सोडवावीत; सूत्रापेक्षा प्रश्नाकडे बघायची सवय त्यांनी लागते.

आलेख काढणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दलही विचारलंय, तर ते वापरा, पण साक्षीदार म्हणून; निकाल त्याच्याकडून घेऊ नका. तुमचंच पहिलं फलन त्यात टाका. −३ पाशी आलेख तुटलेला दिसेल. दोन्ही टोकांकडे तो य = १ या रेषेला चिकटत जाईल, इतका की पडद्यावर तो तिला टेकला असंच वाटेल, म्हणजे १ गेला हे नुसत्या डोळ्यांना कळणार नाही. आणि (२, १/५) पाशी बहुतेक वेळा सलग रेषाच दिसेल, कारण तिथलं छिद्र एका बिंदूचं आहे आणि सॉफ्टवेअर आलेखावरचे ठरावीक बिंदू काढून ते जोडत जातं. क्ष = २ ची किंमत स्वतंत्रपणे विचारलीत, तरच ते ‘अव्याख्यात’ म्हणेल. पण ते विचारायचं हे तुम्हाला आधीच ठाऊक असायला हवं, आणि ते कळतं छेदाच्या अवयवांवरून.